अंक काढताय ना? मग आधी पोस्टात जाऊन या

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी लिहिते, म्हणजे कशाला उत्तर देतेय ते दोघांनाही स्पष्ट राहील. तुम्ही चौघं मित्र. प्रत्येकी पंधरा हजार काढून साठ हजार जमवलेत. कथा-कवितांचं त्रैमासिक काढायचंय, नाव ठरलंय, मुखपृष्ठ चित्रकार मित्र करून देणार आहे आणि पहिला अंक दिवाळीला आणायचाय. प्रती किती छापायच्या, नोंदणी लागते का, नामवंतांकडून साहित्य कसं मिळवायचं, आणि दोन वर्षांत अंक 'मोठा' कसा करायचा, हे तुमचे प्रश्न. (आणि मॅडम नको, बाई म्हणा. गावात सगळे तेच म्हणतात.)

मी सोळा वर्षं तालुक्याच्या गावातून त्रैमासिक काढतेय. त्यातली अकरा शाळेची नोकरी सांभाळून. आज वहीत सहाशे बारा वर्गणीदार आहेत, त्यांतले चारशेच्या आसपास न सांगता वर्गणी भरतात, बाकीच्यांना आठवण करावी लागते. माझं सगळं सांगणं एवढ्या आकाराच्या अंकाचं आहे. पाच हजार प्रतींचं गणित मला विचारू नका.

पहिलं काम मुखपृष्ठाचं नाही. छापखान्यातून तुम्हाला हव्या त्या कागदाचा कोरा डमी बांधून घ्या, पाकिटात घाला, पत्ता चिकटवा आणि पोस्टात जाऊन काट्यावर ठेवा. टपाल वजनावर लागतं, तेव्हा अंकाची पानं किती असावीत हे तो काटा सांगेल. हिशेब घरीही करता येतो. डबल डेमी कागद म्हणजे २३ बाय ३६ इंच, त्यात डेमी आकाराची ३२ पानं बसतात. म्हणजे ९६ पानांच्या अंकाला तीन कागद. ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा) असा एक कागद साधारण ३७ ग्रॅम भरतो, तीन मिळून ११२. कडा कापल्यावर थोडं घटतं, २५० जीएसएमच्या मुखपृष्ठाचे पंधराएक ग्रॅम वाढतात. पाकीट धरून दीडशेच्या आत राहता. संपादक मंडळाच्या बैठकीत कुणीतरी रात्री अकरा वाजता म्हणतं, 'एवढी दीर्घकविता घेऊच, आठ पानांनी काय होतंय?' तेव्हा हा काटा डोळ्यांसमोर हवा. आठ पानांनी फर्मा (एका कागदावर छापल्या जाणाऱ्या पानांचा संच) मोडतो, कागद वाया जातो आणि टपालाचा टप्पाही ओलांडला जाऊ शकतो. त्याच हिशेबाने पाचशे प्रतींना दीड हजार कागद, म्हणजे पाचशे कागदांची एक अशा तीन रीम, वर मशीनवर वाया जाणारा थोडा. बिलात पाच रीम दिसले तर विचारा. छापखानेवाले वाईट नसतात, पण कुणी विचारलं नाही की रीम वाढतात.

टपालाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण अंक काढणाऱ्या बहुतेकांना हे पहिला अंक हातात आल्यावर कळतं. वर्तमानपत्रांना मिळणारा सवलतीचा दर त्रैमासिकांना कधीच नव्हता. १८९८ च्या पोस्ट कायद्यात त्या सवलतीसाठी दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त अंतर नसावं अशी अट होती. मासिकं, पाक्षिकं त्यात बसायची. आम्ही तीन महिन्यांवाले बुकपोस्टाने, म्हणजे छापील मजकुराच्या स्वस्त टपालाने, भागवायचो. नोंदणीकृत बुकपोस्टाची ती जुनी सोय २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं, ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये अधिक कर, पण ते पुस्तकांसाठी. नियतकालिक म्हणून गेलात की काउंटरवर अडतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. तेव्हा तुमच्या पोस्टमास्तरांशी ओळख करून घ्या, चहा घ्या, आणि तुमच्या पाकिटाला नेमका कोणता दर लागेल ते अंक छापायच्या आधी विचारा. आमच्याकडे मागची पाच वर्षं जे मास्तर आहेत ते स्वतः अभंग लिहितात. मी ते छापलेले नाहीत, तरी पाकिटं वेळेवर जातात.

नोंदणीचं आता बदललंय. १८६७ चा इंग्रजी अमलातला कायदा जाऊन प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ आला. १ मार्च २०२४ पासून तो लागू आहे आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर करायचा असतो. नावं चार-पाच तयार ठेवा. माझी पहिली दोन आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेली निघाली, आणि तोवर मी लेटरहेड छापून बसले होते. कायद्यातली नियतकालिकाची व्याख्या सार्वजनिक बातम्या आणि त्यांवरचं भाष्य यांच्याभोवती फिरते, त्यामुळे निव्वळ कथा-कवितांचा अंक तिच्यात येतो की नाही यावर वाद घालता येतो. वाद घालत बसू नका. ठरावीक काळाने अंक काढणार आणि लोकांकडून वर्षाची वर्गणी घेणार असाल तर नोंदणी करून टाका.

नाहीतर सरळ अनियतकालिक काढा. यात कमीपणा नाही. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढलं. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो', राजा ढाल्यांचं 'येरू', भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा' आणि अशी बरीच निघाली. बहुतेक थोडे अंक निघून थांबली. तरी मराठी कवितेची बोली त्यांच्यामुळे बदलली, ती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. त्यांनी वर्गणीदाराला तारखेचं वचनच दिलेलं नव्हतं. तुम्ही 'त्रैमासिक' असं छापलंत की वर्षाला चार अंक देणं लागता. चौघांपैकी एकाचं लग्न ठरेल, एकाची बदली होईल, तिसरा स्पर्धा परीक्षेला बसेल. उरलेला एकटा चार अंक काढू शकेल का, हे आज विचारून घ्या. मला वाटतं तुम्ही पहिलं वर्ष अनियतकालिक म्हणून काढावं. पण हे तुम्हाला आवडणार नाही हेही मला कळतं.

आता प्रती. मी पहिल्या अंकाच्या हजार छापल्या. हिशेब असा होता की पाचशेचा आणि हजारचा खर्च फार वेगळा नाही, प्लेट तेवढ्याच लागतात, वाढतो तो फक्त कागद. हे खरंच आहे आणि इथेच सगळे फसतात. दोनशे सत्तर प्रती गेल्या. बाकी सातशे तीस प्रती गठ्ठे बांधून दिवाणाखाली गेल्या. दोन पावसाळ्यांनंतर दिवाण पुढे ओढला तर भिंतीकडच्या गठ्ठ्यांना वाळवी लागलेली. वरून सुतळी जशीच्या तशी होती, आणि बोट लावलं की आतली पानं मातीसारखी खाली यायची. ज्या कवीची पहिली कविता त्यात होती तो नेमका त्या दिवशी घरी आला होता. तो म्हणाला, 'बाई, निदान कुणीतरी शेवटपर्यंत वाचली.' तेव्हा तुम्ही तीनशे छापा. दोनशेच्या आत असाल तर डिजिटल छपाईचा दर विचारा, त्यावर असाल तर ऑफसेट.

आणि छापायच्या आधी शंभर वर्गणीदार करा. 'नक्की घेऊ रे' म्हणणारे धरू नका. ज्यांचे पैसे आले आणि ज्यांचा पिनकोड तुमच्या वहीत आहे तेच धरा. माझा मागचा अंक, ९६ पानं, साडेसहाशे प्रती, कागद, छपाई, बांधणी मिळून अडतीस हजारांना पडला. टपाल आणि पाकिटं वेगळी, बाराएक हजार. म्हणजे तुमच्या साठ हजारांत जेमतेम सव्वा अंक निघतो. आमची वार्षिक वर्गणी पाचशे आहे. चारशे लोकांनी भरली की दोन लाख, आणि चार अंकांचा खर्चही दोन लाख. अक्षरजुळणी, वीज, माझे फोन, प्रुफं वाचणाऱ्या भाचीचा चहा-वडापाव, हे सगळं उरलेल्यांनी उशिरा का होईना भरलं तर निघतं. मानधन आम्ही देत नाही. त्याची मला लाज वाटते, आणि ती वाटत राहावी म्हणून मी ते अंकात छापते.

वही नावाचा प्रकार हलक्यात घेऊ नका. पूर्वी मनीऑर्डर यायची तेव्हा कुपनावर पत्ता असायचा आणि खाली दोन ओळी: 'कथा आवडली, कविता कळल्या नाहीत, आईचं बरं आहे.' आता यूपीआयवर पाचशे रुपये येतात आणि सोबत नाव फक्त 'संतोष'. वहीत अकरा संतोष आहेत. एका वर्षी तीन संतोषांना अंक गेले नाहीत, कारण त्यांचे पैसे मी चौथ्याच्या खात्यावर मांडले होते. आता पैसे आले की त्याच संध्याकाळी पोच पाठवते: नाव, पत्ता, वर्गणी कुठल्या अंकापासून कुठल्या अंकापर्यंत. तेवढ्याने नूतनीकरण वाढलं. आणि पाकिटावरच्या लेबलवर वर्गणी संपण्याचा महिना छापा. आठवणीचं पत्र वेगळं पाठवावं लागत नाही आणि कुणाला पैसे मागितल्याचा संकोचही वाटत नाही.

दुकानांच्या भरवशावर राहू नका. तीस-चाळीस टक्के कमिशन द्यावं लागतं, ते योग्यच आहे, दुकानाचंही भाडं असतं. अडचण वसुलीची. एका शहरातल्या एका दुकानात मी चार वर्षं प्रत्येक अंकाच्या दहा प्रती ठेवल्या. पैसे मागायला गेले की मालक जेवायला गेलेले असत. शेवटी त्यांनी हिशेबापोटी मला पुस्तकं दिली, त्यांत तीन माझ्याच अंकात परीक्षणासाठी आलेली होती. दोन-तीन शहरांतली ज्यांच्याशी तुमचा बोलण्याचा संबंध आहे तेवढीच दुकानं ठेवा.

दिवाळीचं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत जाहिरात दिवाळीलाच मिळते. पतसंस्था, सराफ, साखर कारखाना, 'शुभेच्छुक' म्हणून हात जोडलेले फोटो. वर्षभराचा कागद त्या एका अंकात सुटू शकतो, तेव्हा नाक मुरडू नका. पण पहिला अंक दिवाळीला काढू नका. त्या महिन्यात शेकडो अंक येतात, छापखान्यात तुमचं काम सगळ्यांच्या शेवटी जातं, वाचकाच्या टेबलावर तुमचा अंक ढिगाच्या तळाशी. फेब्रुवारीत काढा. तेव्हा वाचायला वेळ असतो आणि मशीन रिकामं असतं. जाहिरातीचा माझा एकच नियम आहे: मलपृष्ठ विकते, मुखपृष्ठाची आतली बाजू विकते, लेखाच्या मध्ये पान विकत नाही. एका वर्षी एका पुढाऱ्याच्या माणसाने विचारलं, साहेबांची कविता घेता का, मलपृष्ठाचे दुप्पट देऊ. कविता खरं तर ठीक होती. तरी नाही म्हटलं, आणि ते मलपृष्ठ तेवढं कोरं गेलं.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून वाङ्मयीन नियतकालिकांना अनुदान मिळू शकतं. अर्ज जरूर करा. मात्र ते पैसे बँकेत पडेपर्यंत ते नाहीतच असं धरून अंकाचा हिशेब मांडा.

आता साहित्य. तुम्ही नामवंतांबद्दल विचारलंत. पहिल्या अंकात एखादा नामवंत असला तर बरं दिसतं, पण तो तुम्हाला टेबलाच्या खणातलं देणार. त्याचं चांगलं कुठे जाणार हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. तुमची कमाई म्हणजे जो अजून कुणाला माहीत नाही तो. आणि तो मिळतो पत्रव्यवहारातून. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाली, पण तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना किती बारकाईने कळवत असत याच्या गोष्टी जुने लेखक अजून सांगतात. त्या मासिकावर राग असणारेही पुष्कळ होते, १९६९ मध्ये त्याच्या अंकांची होळीही झाली. त्या रागाला कारणं होती. पण संपादकाने लिहिणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं, ही सवय मराठीला तिथून लागली असं मला वाटतं.

माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी एका एसटी कंडक्टरची कथा आली. अकरा हस्तलिखित पानं. पहिली दोन पहाटेची: कोंबडा, धुकं, चुलीचा धूर. तिसऱ्या पानावर एक म्हातारी अर्ध्या तिकिटासाठी आधारकार्ड दाखवते आणि त्यावरचं जन्मसाल तिच्या मुलाच्या जन्मसालाच्या पुढचं असतं. कथा तिथून सुरू होत होती. मी त्यांना लिहिलं: पहिली दोन पानं काढून बघा, आणि शेवटी म्हातारी मरते ती तुम्हाला हवीय म्हणून मरते का? सात महिने काही उत्तर नाही. मला वाटलं दुखावले. मग पाकीट आलं. पहाट गेली होती, म्हातारी जिवंत होती, आणि शेवटी कंडक्टर तिला पूर्ण तिकीट फाडून देतो नि अर्ध्याचे पैसे स्वतःच्या खिशातून घालतो, रात्री डेपोत हिशेबाला बसल्यावर पुन्हा पुन्हा बेरीज करतो. हा शेवट मी सुचवलेला नव्हता, मला सुचलाही नसता. त्या एका कथेवर आमचे चाळीसेक वर्गणीदार वाढले, त्यांत निम्मे त्यांच्या डेपोतले.

म्हणून सहा आठवड्यांत प्रत्येकाला उत्तर द्या. 'साभार परत' एवढंच असलं तरी द्या. महिन्याला साठ-सत्तर जणांचं येतं, बहुतेक कविता. प्रत्येकाला सविस्तर लिहिणं शक्य नाही. ज्याच्यात एखादी ओळ जिवंत आहे त्याला ती ओळ उतरवून पाठवते, बाकीच्यांना दोन शब्द. आणि तुम्हा चौघांच्या कविता स्वतःच्या अंकात पहिली दोन वर्षं छापू नका. यावर तुमचं भांडण होईल. होऊ दे.

अक्षरजुळणीचा एक धडा. लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतात, आमच्या जुळणीकाराकडे जुना श्री-लिपी फाँट. मध्ये रूपांतर. एकदा सह्याद्रीवरच्या कवितेत 'दऱ्या' होत्या, त्या रूपांतरात 'दर्या' झाल्या. मी, भाची, जुळणीकार, तिघांच्या नजरेतून सुटलं. अंक गेला. एका निवृत्त प्राध्यापकांचं चार पानी पत्र आलं, की डोंगराच्या पोटात दर्या पाहणं ही प्रतिमा गेल्या दशकात वाचली नाही. कवी मला म्हणाला, काही कळवू नका. तर: रूपांतर झाल्यावर ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि रफार असलेले शब्द शोधून शोधून तपासा. तुम्ही नव्याने सुरू करताय, सरळ युनिकोडमध्येच जुळवा. मुक्ता आहे, यशोमुद्रा आहे, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, मोफत मिळतात. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय सुरू करायला विसरलात तर जोडाक्षरं फुटतात, मग फाँटला शिव्या देऊ नका. कवितेचं प्रूफ कागदावर काढून, मोठ्याने वाचून तपासा.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, घ्या, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून तो फुकट मिळतो. पण घेतल्याच्या पुढच्या आठवड्यापासून फोन सुरू होतील: 'सर, आमचा शोधनिबंध छापायचे किती घेता?' प्राध्यापकांना बढतीसाठी गुण लागतात, त्यांचाही नाइलाज असतो. यूजीसीने शोधनिबंधांसाठी मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये रद्द केली, फोन थांबले नाहीत. एका निबंधाला दोन हजार, पंधरा निबंध म्हणजे तीस हजार, जवळजवळ एका अंकाची छपाई. मोह खरा आहे. चांगले वाङ्मयीन अंक असे दोन वर्षांत जाडजूड झालेले मी बघितलेत. वर्गणीदार एकेक करून गळाले, कारण वाचण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

वाढ म्हणजे काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवलं, त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले, आणि त्या मेळाव्यांतून दलित साहित्याची एक अख्खी फळी बोलू लागली. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये धुळ्याहून 'कविता-रती' सुरू केलं, फक्त कवितेचं, आणि दशकानुदशकं चालवलं. हेमंत दिवट्यांच्या 'अभिधानंतर' या नियतकालिकाच्या पाठोपाठ पोएट्रीवाला ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. यांतल्या कुणाचीही वाढ प्रतींच्या आकड्यात मोजता येणार नाही. आम्ही वर्षातून एकदा, जानेवारीत, शाळेच्या हॉलमध्ये वर्गणीदारांना बोलावतो. प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. चार जण वाचतात, बाकीचे बोलतात, दुपारी पिठलं-भाकरी. मागच्या वर्षी त्र्याऐंशी आले. त्यांतल्या एका बाईंनी परत जाताना स्वतःच्या तालुक्यात वीस वर्गणीदार करायचं कबूल केलं आणि सतरा केले.

जुने अंक पीडीएफ करून दोन वर्षांनी सगळ्यांना मोकळे करा. नवा अंक मात्र व्हॉट्सॲपवर फिरू देऊ नका, निदान तीन महिने.

तुमचा यूपीआय क्रमांक पत्राच्या खाली होता, त्यावर दोन वर्षांची वर्गणी आत्ताच टाकली आहे. पत्ता पाकिटावर आहे, पिनकोडचा शेवटचा आकडा चार, तो एक वाटतो. पैसे पोचल्याची पोच पाठवा.